निळा पडदा आणि पाण्याचा टँकर

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विठ्ठल अजून कमरेवर हात ठेवून उभाच होता. एकादशीला पाठवायचे राहून गेलेले विठ्ठल लोक द्वादशीला आणि त्रयोदशीला पाठवतात. चांगला फोटो वाया घालवणं आपल्या रक्तात नाही. अशा त्या भक्तिमय वातावरणात दुपारी इंडिगोचा एक बोर्डिंग पास येऊन पडला. चक्क हाताने लिहिलेला. नाव, सीट, गेट, सगळं पेनाने. खाली कोणीतरी विचारलं होतं, "हे काय आता?"

"हे काय आता?" हा आमच्या ग्रुपवरचा सर्वांत ज्वालाग्राही प्रश्न आहे. तो विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, आणि उत्तर देणारे प्रश्न वाचत नाहीत.

झालं होतं ते असं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक नावाची कंपनी बड्या ऑफिसांच्या कॉम्प्युटरांना हल्लेखोरांपासून जपते. त्यासाठी तिचा 'फाल्कन' नावाचा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभाऱ्यात जाऊन बसलेला असतो. त्या दिवशी सकाळी, आपल्या घड्याळात पावणेदहाही वाजले नव्हते, तेव्हा कंपनीने जगभर एक छोटी फाइल धाडली. फाइल सदोष निघाली आणि मशिनं निळा पडदा दाखवून आडवी झाली. चालू करावीत तर पुन्हा निळा पडदा. कंपनीने सव्वा तासाच्या आसपास फाइल मागे घेतली, पण तोवर पडलेल्या मशिनला दुरुस्ती पोचवणार कशी? ते आधी उठायला तर हवं. मग एकेका मशिनपाशी माणूस पाठवून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती फाइल हाताने पुसावी लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशिनं पडली. म्हणजे जगातल्या विंडोजवाल्या मशिनांपैकी एक टक्काही नाही. पण नेमकी विमानतळांची, बँकांची, इस्पितळांची. राखणदारानेच आतून कडी लावून घ्यावी, तसा प्रकार.

एवढं सांगायला मला एक परिच्छेद लागला. ग्रुपला त्याची गरज पडली नाही. ग्रुपला लगेच कळलं की हे चीनने केलंय.

आमच्याकडे तंत्रज्ञानाची कुठलीही बातमी आधी चीनला जाऊन येते. मोबाइलचं नेटवर्क गेलं, चीन. रेल्वेचं आरक्षण अडकलं, चीन. चीनहून निघालेली चर्चा मग देशांतर्गत राजकारणात उतरते आणि तिथे ॲडमिन जागा होतो. त्या दिवशी ती राजकारणात शिरण्याआधीच बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी तिला वळण दिलं. "आमच्या वेळी लेजर होतं. लेजर कधी निळं पडलं नाही." यावर ए विंगमधून विचारणा झाली की काका, तुमच्या शाखेतलं एक लेजर वाळवीने खाल्लं होतं ना? काकांनी शांतपणे लिहिलं, "ते ऑडिटच्या आधी खाल्लं."

सोसायटीत विंडोजऐवजी लिनक्स वापरणारा एकच मुलगा आहे. एरवी बिचारा कोणाच्या खिजगणतीत नसतो. अशा माणसाच्या आयुष्यात १९ जुलै २०२४ सारखा दिवस एकदाच येतो. त्याने फक्त दोन शब्द टाकले : "माझं चालूय." त्या दोन शब्दांत किती वर्षांचा अपमान भरून निघत होता, हे ज्याने लिनक्स वापरलंय त्यालाच कळेल. पण जग निष्ठुर असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तत्काळ विचारलं, "मग माझ्या आधारची एक प्रिंट काढून देतोस का?" तो त्यानंतर रात्रीपर्यंत ऑनलाइन दिसला नाही. लिनक्स आणि प्रिंटर यांच्यातले संबंध भाऊबंदकीसारखे असतात. जमीन एकच, बोलणं बंद.

आता गंमत बघा. या विषयातलं खरंखुरं कळणारा एक गृहस्थ आमच्या इमारतीत आहे. हिंजवडीला एका कंपनीत नेमकं हेच सांभाळतो. त्या दिवशी सर्वांनी त्याला टॅग केलं. त्याने एक अक्षर लिहिलं नाही, कारण तो त्या वेळी एका मशिनवरून उठून दुसऱ्या मशिनवर बसत होता. ज्याला माहीत असतं तो अशा वेळी कामात असतो, आणि चर्चा ज्यांना काम नाही त्यांच्या हाती राहते. मध्यरात्रीनंतर त्याने तीन ओळींत काय झालं ते लिहिलं. अचूक लिहिलं. पण तोवर ग्रुपवर टँकरचा विषय चालू होता.

टँकरचा विषय कसा आला, ते सांगतो. दुपारी तीनच्या सुमारास कोणीतरी अतिशय रास्त शंका काढली : आपल्या लिफ्टमध्ये विंडोज आहे का? नाही, असं कोणीच छातीठोकपणे सांगेना. मग लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार कोणी बघितलाय, असा प्रश्न आला. करार सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, करार सोडा, आधी गेल्या खेपेला जनरेटरचं डिझेल कोणी मंजूर केलं ते बोला. डिझेलवरून पंप आला. पंपावरून वॉचमन आला. वॉचमन पंप बंद करायला विसरतो, मग वरची टाकी वाहते, मग महिनाअखेर टँकर मागवावा लागतो, आणि त्या टँकरचं पाणी बी विंगला आधी जातं. ऑस्टिनला सुरू झालेला विषय अशा रीतीने बी विंगच्या टाकीत येऊन पडला आणि तिथे रात्री उशिरापर्यंत पोहत राहिला. दुसऱ्या दिवशी वर चढून कोणी वाचलं असतं, तर बी विंगच्या लोकांनी जगातले विमानतळ बंद पाडले असाच समज झाला असता.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ मध्ये बैठकांच्या या स्वभावावर लिहून ठेवलंय. त्याच्या गोष्टीतली समिती कोट्यवधींची अणुभट्टी दोन-अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास भांडते. कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. विद्वान माणूस, पण तो आमच्या सोसायटीत राहिलेला नव्हता. आम्ही अणुभट्टीवरही पाऊण तास भांडलो असतो. कळत नाही म्हणून गप्प बसायचं, ही इंग्रजांची पद्धत झाली.

माझं निरीक्षण थोडं वेगळं आहे. बातमी ही आमच्याकडे फक्त बटण दाबण्यापुरती येते. प्रत्येकाचं वाक्य आधीच तयार असतं. काकांचं लेजर, वहिनींची प्रिंट, सेक्रेटरींचं डिझेल. चांद्रयान उतरलं तरी तेच, युपीआय अडकलं तरी तेच. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ टेकला, तेव्हा ग्रुपवर तिरंग्यांचा पूर आला होता. अनेकांचे डोळे भरून आले, माझेही. आणि त्या पुरातून वाट काढत सहा वाजून दहा मिनिटांनी एक मेसेज आला : "चंद्रावर गाडी लागली, आपल्याकडे पार्किंगचं कधी?"

मराठी माणूस इंटरनेटवर भांडायला व्हॉट्सॲपमुळे शिकला असं कोणाला वाटत असेल, तर तो अन्याय होईल. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून आहे. मिसळपाव २००७ पासून. परदेशात बसलेली मराठी मंडळी तिथे कोकणातल्या फणसापासून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरपर्यंत सगळ्यावर हिरिरीने बोलत आली आहेत. कोणी नव्या मोबाइलवर धागा काढला, की पहिला प्रतिसाद '+१', दुसरा 'पुभाप्र' (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत), तिसरा शुद्धलेखनाचा, आणि चौथ्याला कोणीतरी काडी टाकून पॉपकॉर्न घेऊन बसलेलं. शंभर प्रतिसाद होईपर्यंत धाग्याचं काश्मीर. पण त्या मंडळींचा एक शिष्टाचार मला फार आवडायचा. विषय सोडून बोलायचं असेल तर ते आधी 'अवांतर' असं लिहायचे, आणि मग मूळ प्रतिसादाच्या तिप्पट लांबीचं अवांतर. निदान पाटी तरी लावलेली असायची. व्हॉट्सॲपवर पाटीच उरली नाही, सगळंच अवांतर.

आणि जाणकारांच्या ग्रुपवर वेगळं काही घडतं, अशा भ्रमात राहू नये. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपलने आयपॉड आणला, तेव्हा जगभरचे संगणकवेडे ज्या 'स्लॅशडॉट'वर जमत, तिथे त्याच्या संस्थापकानेच दोन-तीन तुटक वाक्यांत निकाल लावला होता : वायरलेस नाही, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रापेक्षा जागा कमी, एकूण फालतू. २००७ मध्ये फायली इंटरनेटवर ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सच्या निर्मात्याने आपली कल्पना 'हॅकर न्यूज'वर मांडली, तेव्हा एकाने लिहिलं की लिनक्सवर हे काम घरच्या घरी सहज जमतं, यात नवीन ते काय? ड्रॉपबॉक्स २०१८ मध्ये शेअर बाजारात आली. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतही काका आहेतच, फक्त त्यांचं लेजर वेगळं.

आमच्या काकांनी युपीआयचंही असंच भाकीत केलं होतं. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रघुराम राजन यांनी युपीआय सुरू केलं, तेव्हा काका म्हणाले, "भाजीवाला घेणार नाही. लिहून ठेवा." ऑगस्ट २०२३ मध्ये देशात एका महिन्यातले युपीआय व्यवहार हजार कोटींच्या वर गेले. त्यांतले बरेचसे काकांच्या कोथिंबिरीचे असावेत. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी युपीआय काही तास अडखळलं, तेव्हा काका मंडईत दहा रुपयांच्या जुडीसाठी हातात फोन धरून उभे होते आणि तिथूनच ग्रुपवर सरकारला जाब विचारत होते. भाजीवाला म्हणाला, "राहू द्या काका, उद्या द्या." उधारी हे तंत्रज्ञान आजवर कधी निळं पडलेलं नाही, पण त्याबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढला नाही.

ताज्या बातम्यांबरोबर शिळ्याही येतात आणि त्यांचं स्वागत अधिक प्रेमाने होतं. दर ऑगस्टमध्ये २७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार असतो. हा मेसेज मुळात २००३ मधला ई-मेल आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ आला होता. मूळ मजकुरात म्हटलं होतं की पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून बघितलात, तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा वाटेल. फॉरवर्ड होता होता आधी दुर्बीण गळाली, मग वर्ष गळालं. उरला तो मंगळ आणि चंद्र. आमच्या गच्चीवर दर वर्षी दोन-चार कुटुंबं सतरंज्या घेऊन जातात. मंगळ काही येत नाही, भेळ येते. मी एकदा ग्रुपवर ही सगळी हकीकत लिहिली, तर उत्तर आलं, "असू दे हो, त्या निमित्ताने गच्ची झाडून होते."

मग रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून जाणारे वैश्विक किरण. नासाने सांगितलंय, बीबीसीने सांगितलंय, सिंगापूरच्या टीव्हीने सांगितलंय. फोन बंद करून शरीरापासून लांब ठेवा. सिंगापूरचा टीव्ही आमच्याकडे कोणाच्याही घरी दिसत नाही, म्हणूनच त्याच्यावर एवढा विश्वास. एका वहिनींनी काळजीपोटी फोन स्टीलच्या डब्यात, तूरडाळीत खुपसून ठेवला. बंद करायला विसरल्या. पहाटे गजर डाळीतून वाजला आणि घरातल्या कोणालाही तो कुठून येतोय हे बराच वेळ कळेना. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या दोन हजारांच्या नोटेतली चिप तर अजूनही काही जण मनातून सोडायला तयार नाहीत. जमिनीखाली पुरली तरी उपग्रहाला दिसणार होती ती. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या नोटा परत मागवल्या, रांगेत उभं राहून बदलून घ्यायला लावल्या. चिप असती तर नोटा आपल्या पायांनी गेल्या असत्या, असं मी लिहिलं. "बॅटरी संपली असेल," असं उत्तर आलं. याच्यापुढे विज्ञानाने काय करावं?

पण या सगळ्यावर कडी केली ती २५ ऑक्टोबर २०२२ ने. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालेलं. दुपारी साडेबाराच्या सुमारास व्हॉट्सॲपच बंद पडलं आणि सुमारे दोन तास पडून राहिलं. त्याच संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण. आता तुम्हीच सांगा, हे दोन योग वेगवेगळे आहेत असं मानायला माणूस किती कोरडा असावा लागेल! एवढी मोठी बातमी, आणि तिच्यावर चर्चा करायची जागाच बंद. लोकांनी वायफाय चालू-बंद केलं, विमानात नसताना विमान मोड लावला, काहींनी ॲप काढून पुन्हा टाकलं आणि जुन्या चॅट गमावल्या. शेवटी मंडळी खाली पार्किंगमध्ये उतरली. प्रत्यक्ष. एकमेकांना बघून जरा अवघडली, कारण काही जणांच्या डीपीत नि त्यांच्यात पंधरा वर्षांचं अंतर होतं.

अडीचच्या आसपास ग्रुप जिवंत झाला आणि तुंबलेलं सगळं एकदम आलं. ग्रहणामुळे बंद पडलं, हा पहिला सिद्धांत. लिनक्सवाल्याने आक्षेप घेतला : ग्रहण पुण्यात पावणेपाचनंतर लागणार, व्हॉट्सॲप साडेबाराला कसं बंद पडेल? क्षणभर ग्रुप निरुत्तर झाला. मग ए विंगच्या आजींनी, ज्या एरवी फक्त हात जोडतात, टाइप केलं : "सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात." बारा तास! म्हणजे पहाटेपासून वेध चालूच होते. तर्क इतका निर्दोष होता की लिनक्सवाल्यानेही अंगठा दिला.

ग्रुपवरच्या सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी नेण्याजोग्या नसतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. फोनवरून फोनवर गेलेली अफवा त्यामागे होती. देशभर अशा हत्या होत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हा आमच्या ग्रुपवर चर्चा झाली ती 'शुभ सकाळ' आता कोणत्या पाच जणांना पाठवायचं, याची. त्या संध्याकाळी मी फोन उलटा करून ठेवला होता.

त्यानंतर आमच्या ॲडमिननी, म्हणजे सेक्रेटरींनी, जबाबदारीचा धसका घेतला. कोणी काहीही टाकेल आणि पोलिस आपल्या दारात येतील, या भीतीने ते मधूनमधून ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर टाकत. अशा दिवसांत ग्रुपवर एकट्या त्यांचेच मेसेज दिसत, आकाशवाणीसारखे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याशिवाय सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. सेक्रेटरींनी तो निकाल लगोलग ग्रुपवर टाकला. वर दोन बाणांची खूण होती : अनेकदा फॉरवर्ड केलेला. एका वकीलबाईंनी विचारलं, "पडताळून पाहिलंत का?" सेक्रेटरी म्हणाले, "बरोबरच असणार, माझ्या बाजूने आहे."

हे सगळं तरी बरं होतं असं आता वाटतं, कारण अलीकडे ग्रुपवर यंत्रं भांडू लागली आहेत. जानेवारी २०२५ च्या शेवटी डीपसीक नावाच्या चिनी एआयने खळबळ उडवली. २७ तारखेला एनव्हिडिया कंपनीचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ६०० अब्ज डॉलरने घसरलं. अखेर खरोखरच चीनची बातमी! इतकी वर्षं वाट पाहिलेली. काका सरसावले. समोर ए विंगमधले निवृत्त प्राध्यापक. ग्रुपने चहा ठेवला. आणि काकांचा पहिला मेसेज आला : "नक्कीच! प्राध्यापकांच्या मुद्द्यांना ठाम पण सभ्य भाषेत उत्तर देणारा मजकूर खाली देत आहे."

पुढे आठ मुद्दे होते. प्रत्येकाला ठळक मथळा. प्राध्यापकांनी दहा पाठवले. काकांनी समतोल दृष्टिकोनाचं महत्त्व सांगितलं, प्राध्यापकांनी बहुआयामी परिप्रेक्ष्य मांडलं. कोणाचं शुद्धलेखन चुकेना, कोणी कोणाची अक्कल काढेना, जनरेटरच्या डिझेलचं नाव निघेना. ज्या काकांनी आयुष्यात 'ळ'च्या जागी 'ल' लिहून अख्खी विंग हादरवली, ते 'धोरणात्मक स्वायत्तता' लिहीत होते. शेवटी दोघांची यंत्रं एकमेकांना मान्य झाली आणि आपण दोघेही आपापल्या जागी बरोबर आहोत, असा निष्कर्ष निघाला. ग्रुपवर सुतकी शांतता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना राहवलं नाही. त्यांनी लिहिलं, "काका, तुमच्या शब्दांत सांगा ना, तुम्हाला काय वाटतं प्राध्यापकांबद्दल?" काका बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिले. मग एक ओळ आली : "पहील्यापासुन येडपट आहे तो."

त्या ओळीवर जेवढे बदाम पडले, तेवढे चांद्रयानालाही पडले नसतील. पहिला बदाम प्राध्यापकांचा होता.

वार्षिक सभेत मात्र यावर गंभीर विचार झाला. मुख्य ग्रुपवर फक्त पाणी, वीज, लिफ्ट आणि देखभाल खर्च; बातम्या, तंत्रज्ञान आणि राजकारण यांसाठी वेगळा ग्रुप, असा ठराव एकमताने संमत झाला. एकमत झाल्यावरच मला शंका यायला हवी होती. नव्या ग्रुपचं नाव 'चर्चा'. ज्यांना खरंच रस आहे अशांनीच त्यात यावं असं ठरलं, आणि तिथेच घोटाळा झाला. वैतागणारं कोणी समोर नसेल तर मत मांडायचं कोणापुढे? बातम्या पूर्वीसारख्याच मुख्य ग्रुपवर येतात, त्यांच्याखाली "हे चर्चावर टाका" असं लिहिलं जातं, आणि मग त्या वाक्यावर चर्चा होते.

'चर्चा' ग्रुपवर आजवर एकच मेसेज आलाय. "कोणाकडे चांगल्या प्लंबरचा नंबर आहे का?" त्याखाली सात अंगठे आहेत. नंबर कोणीच दिलेला नाही.